फील्डच्या गाडीतला इन्व्हर्टर: १७ अँपला गप्प, ९३ अँपला धूर

गेल्या दोन महिन्यांत तीन ज्युनिअर्सनी मला एकच प्रश्न विचारलाय: "फील्डच्या गाडीत इन्व्हर्टर बसवायचाय, किती वॉटचा घेऊ?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्यापासून सुरुवात करणं चुकीचं आहे. मीही तिथूनच केली होती आणि घाटात, पावसात, गाडीच्या मागच्या सीटखालून जळका वास येईपर्यंत मला ते कळलं नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. माझं काम सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर आहे. पाणी काठावरच गाळून फिल्टर थंड ठेवावा लागतो, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थांबलं तर नमुना बदलतो. म्हणजे गाडीत व्हॅक्यूम पंप हवा, छोटा फ्रीज हवा, लॅपटॉप हवा. हौशी लोक ट्रॅव्हलर गाडीची कॅम्पर व्हॅन करतात, तिच्यात आणि आमच्या गाडीत विजेच्या दृष्टीने काहीच फरक नाही. फक्त आमच्याकडे गादीच्या जागी बाटल्यांचे क्रेट असतात.

आता मूळ मुद्दा. घरात १००० वॉटची वस्तू २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँप घेते. तीच वस्तू १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत चालवा. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरा. १००० भागिले (१२ गुणिले ०.९), म्हणजे जवळजवळ ९३ अँप. बॅटरी उतरून १०.५ व्होल्टवर आली, की १०६ अँप. इन्व्हर्टर दिसायला छोटी पेटी असते, पण तिच्या मागच्या दोन तारांमधून वेल्डिंग मशीनच्या तोडीचा करंट वाहत असतो. शॉक बसण्याची भीती सगळ्यांना २३० व्होल्टच्या बाजूची वाटते, ती रास्तच आहे. आगीची भीती मात्र १२ व्होल्टच्या बाजूला जास्त आहे, आणि तिकडे कुणी बघत नाही.

आमचा पंप चालू असताना बॅटरीतून सुमारे १७ अँप घ्यायचा. सगळा पावसाळा तो निमूट चालला. मग एका संध्याकाळी भिजून कुडकुडत असताना मी इलेक्ट्रिक किटली लावली. इन्व्हर्टर १००० वॉटचा, किटली १००० वॉटची, हिशोब जुळत होता. पाचेक मिनिटांत वास आला. सीट उचलून बघितलं तर बॅटरीच्या लगवरचं प्लॅस्टिकचं आवरण वितळलेलं. किटली काढली, पाना घेऊन निगेटिव्ह सोडवला. फ्रीज बंद पडला आणि त्या दिवसाचे सगळे फिल्टर गेले. परतीच्या वाटेवर थंड ठेवायला बर्फसुद्धा मिळाला नाही.

नंतर लग कापून बघितला. तार १६ स्क्वेअरची, लग २५ स्क्वेअरचा, आणि तो क्रिम्पिंगच्या हत्याराऐवजी हातोड्याने ठोकलेला. जोड ढिला. पण मग पावसाळाभर काही झालं कसं नाही? इथे बारावीचं भौतिकशास्त्र कामाला येतं: उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा त्या ढिल्या जोडाचा रोध फक्त ५ मिलिओहम होता. १७ अँपला तिथे दीड वॉटसुद्धा उष्णता होत नाही, हात लावला तर कोमट लागेल. ९३ अँपला त्याच जोडावर ४३ वॉट. करंट साडेपाच पट, उष्णता तीस पट. नखाएवढ्या जागेत सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखं झालं ते. "इतके दिवस चाललं, म्हणजे ठीक आहे" हा निष्कर्ष कमी भारावरच्या निरीक्षणातून काढलेला होता, आणि मी तो काढला होता.

तुम्ही म्हणाल, फ्यूज नव्हता का? होता. उडाला नाही, आणि उडायचं कारणही नव्हतं. फ्यूजला फक्त स्वतःमधून जाणारा करंट कळतो, दुसरीकडे कुठे काय तापलंय ते नाही. ९३ अँप हा त्याच्या लेखी नेहमीचाच भार. फ्यूज असतो तो तारेसाठी, शॉर्ट सर्किटसाठी. तारेचं आवरण घासून प्लस बॉडीला लागला आणि त्या वाटेचा एकूण रोध १० मिलिओहम असेल, तर १२०० अँप वाहतील. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. इन्व्हर्टरजवळ लावलात तर मधली सगळी तार उघड्यावरच राहिली. घरातला एसीचा एमसीबी तिथे लावू नका. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती संधी नसते, ठिणगी ताणून जळतच राहते. डीसीसाठीचा फ्यूज घ्या. लिथियम बॅटरी असेल, तर तिच्या शॉर्ट सर्किटचा करंट तोडण्याची फ्यूजची क्षमता आहे का, हेही बघा. तो आकडा फ्यूजच्या अँपपेक्षा वेगळा असतो.

तारेचा हिशोब कागदावर करा. इन्व्हर्टर ३ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर. १६ स्क्वेअर तांब्याचा रोध मीटरला साधारण १.१५ मिलिओहम. ९३ अँपला ०.६४ व्होल्टची घट आणि तारेत ६० वॉट उष्णता. १२ मधले ०.६४ म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. मी ३५ स्क्वेअरची घेतली आणि इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभरावर आणला. दुसऱ्या बदलाला पैसे लागले नाहीत आणि फायदा त्याचाच जास्त झाला. फ्यूज १२५ अँपचा. क्रम लक्षात घ्या: आधी इन्व्हर्टर जास्तीत जास्त किती ओढू शकतो, मग तार, मग तारेला वाचवणारा फ्यूज. "आपण फक्त पंपच लावणार" असं धरून तार घेऊ नका. कुणीतरी किटली लावणारच.

तार बारीक पदरांची, लवचीक घ्या. लगला सोल्डर भरू नका, घाटरस्त्याच्या हादऱ्यांनी सोल्डर संपतो तिथेच पदर तुटतात. हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल भाड्याने मिळतं. परतीचा करंट गाडीच्या बॉडीतून आणायचा मोह टाळा, तितकीच जाड निगेटिव्ह तार ओढा. इन्व्हर्टरची धातूची पेटी मात्र बॉडीला जोडा. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी सोडवा, शेवटी जोडा, आणि हातातलं कडं-अंगठी काढून ठेवा. शेवटची जोडणी करताना इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरतात आणि ठिणगी उडते. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. त्यामुळे बॅटरीच्या पेटीला बाहेर हवा जायला वाट ठेवा, आणि इन्व्हर्टर त्या पेटीत ठेवू नका. पूर्ण भाराला इन्व्हर्टर स्वतःच १०० वॉटच्या आसपास तापतो, त्यालाही मोकळी हवा लागते. ओले रेनकोट त्याच्यावर वाळत घालायचे नाहीत, हे मला सांगावं लागतंय यातच काय ते समजा.

२३० व्होल्टच्या बाजूला आरसीसीबी लावला म्हणजे झालं असं अनेकांना वाटतं. बऱ्याच इन्व्हर्टरचं आउटपुट जमिनीशी जोडलेलंच नसतं. मग बॉडीकडे गळती झाली तरी करंटला परतीची वाट नाही आणि आरसीसीबी पडत नाही. त्यासाठी न्यूट्रल आणि बॉडी एका ठिकाणी जोडावे लागतात. पण काही इन्व्हर्टरमध्ये दोन्ही तारा बॉडीच्या संदर्भात जिवंत असतात, तिथे हा जोड केलात तर इन्व्हर्टर जळतो. मॅन्युअल वाचा, आणि एवढा भाग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मुक्कामी बाहेरची लाइट गाडीत घेत असाल तर चेंजओव्हर स्विच हवाच. दोन्ही स्रोत एकाच वेळी एका तारेवर कधीच येता कामा नयेत.

आता "किती वॉटचा?" याकडे येऊ. पंपासारखी मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट ओढते, म्हणून २०० वॉटच्या पंपाला मी शुद्ध साइन वेव्हचा १००० वॉटचा ठेवलाय. पण फ्रीज त्याच्यावरून काढला. हिशोब बघा: फ्रीज सरासरी २४ वॉट, दिवसाला ५७६ वॉट-तास. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी साधारण १० वॉट खातो, म्हणजे दिवसाला आणखी २४०. १०० अँप-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढायची म्हटलं तर हाती ६०० येतात. म्हणून थेट १२ व्होल्टवर चालणारा फ्रीज, आणि इन्व्हर्टर फक्त गाळण्याच्या वेळी. ही बॅटरी गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीपासून वेगळी ठेवा. अनेक इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला बंद होतात, तोवर स्टार्टरची बॅटरी गाडी सुरू करायच्या लायकीची राहिलेली नसते.

आणि दर फेरीआधी दहा मिनिटांचं एक काम. इन्व्हर्टरवर पूर्ण भार टाका (आमची किटली आता याच कामाला आहे), मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं लगच्या पलीकडे तारेच्या तांब्यावर. चांगल्या जोडावर ९३ अँपला दहाच्या आसपास मिलिव्होल्ट दिसतात. त्या जुन्या जोडावर ४६५ दिसले असते. प्रत्येक जोडाचा आकडा तारखेसह फील्डच्या वहीत लिहा, कारण एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. मागच्या महिन्यात ९ होता आणि आज २२ आहे, तर पाना काढा.