न जाता केलेला प्रवास



जूनमध्ये शाळा उघडली की आपण हमखास एक निबंध देतो – 'सुट्टीत मी पाहिलेले ठिकाण'. एका वर्षी माझ्या वाशिम जिल्ह्यातल्या वर्गात एका मुलाने नुसतं शीर्षक लिहून वही मिटली. विचारलं तर म्हणाला, "सर, आम्ही कुठंच गेलो नाही." चूक त्याची नव्हती, विषय देणाऱ्या माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर भारताचा नकाशा लावला आणि कालिदासाच्या 'मेघदूता'ची गोष्ट सांगितली. वर्षभराच्या शापामुळे यक्ष रामगिरीवर अडकलेला. (हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं अनेक अभ्यासक मानतात.) आषाढात दिसलेल्या ढगाला तो पत्नीसाठी निरोप देतो आणि वाटही सांगतो : रेवा म्हणजे नर्मदा, विदिशा, वाट वाकडी करून उज्जयिनी, पुढे कुरुक्षेत्र, हरिद्वारजवळचं कनखल, कैलास आणि मग अलकानगरी. यक्ष जागचा हलत नाही. वाचणारा मात्र अर्धा भारत फिरून येतो.

मग मुलांना सांगितलं, तुमचा ढग कुठे पाठवाल ते लिहा. त्या मुलाने ढग पुण्याला, बांधकामावर असलेल्या वडिलांकडे पाठवला. नकाशात बघून गोदावरी आणि भीमा ओलांडल्या. तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "अरे, पावसाचे वारे तर तिकडूनच इकडे येतात!" तो थोडा वेळ गप्प बसला. मग खोडून लिहिलं – बाबांनीच पुण्याहून ढग पाठवला आहे. त्या दिवशी मोसमी वारे मला वेगळे शिकवावे लागले नाहीत.

म्हणजे प्रत्यक्ष प्रवासाची गरज नाही का? आहेच. चढणीचा दम, मातीचा वास, अनोळखी माणसांशी झालेली बोलणी हे नकाशातून मिळत नाही. कल्पनेत रंगवलेलं ठिकाण किती चुकलं होतं, तेही तिथं गेल्यावरच कळतं. पण मनाची तयारी नसेल तर सहलीतून फक्त फोटो घरी येतात. मेघदूत ऐकलेलं मूल रामटेकच्या टेकडीवर गेलं, तर उत्तरेकडे बघत नक्की थांबेल.

कल्पनेचा प्रवास म्हणजे नुसतं स्वप्नरंजन नव्हे. त्याला नकाशा लागतो, ऋतू लागतो, अंतर लागतं. आणि त्याला तिकीट लागत नाही, म्हणून वर्गातलं एकही मूल मागे राहत नाही.

तर यंदा निबंधाचा विषय थोडा बदलून बघा – 'मला जिथे जायचे आहे ते ठिकाण'. घरी पालकांनीही विचारावं, "तुझा ढग कुठे निघालाय?"