अंगणातला बोधिवृक्ष आणि पिवळी फुले

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात एका धम्मबांधवाच्या घरी परित्राणपाठासाठी गेलो होतो. बंदर हाकेच्या अंतरावर, वाऱ्याबरोबर सुकटीचा वास येत होता. अंगणात गोल कट्टा, त्याला निळा रंग आणि मधोमध हिरवेगार झाड. सहा वर्षांपूर्वी वैशाख पौर्णिमेला कोणीतरी 'पिंपळाची फांदी' म्हणून आणून दिली, ती घरच्या आजींनी बोधिवृक्ष म्हणून लावली. रोज सकाळी त्या तिथे वंदना घेतात. आम्हीही हात जोडले.

तेवढ्यात सातवीतला नातू म्हणाला, "काका, पिंपळाची फुलं बाहेरून दिसत नाहीत असं बाईंनी शिकवलं. मग ह्याला पिवळी फुलं कशी?"

वर पाहिले आणि आमचीच मान खाली गेली. झाड भेंडीचे होते! किनाऱ्यावर कुंपणाला लावतात आणि ज्याच्या पानाची पिपाणी करून आपण लहानपणी वाजवली, तीच ही भेंड. तिला पारोसा पिंपळ असेही म्हणतात आणि घोटाळा नावापासूनच सुरू होतो. पान दोघांचेही हृदयाच्या आकाराचे. पण वाचकहो, नुसत्या आकारावर जाऊ नका.

पिंपळाच्या पानाला लांब, बारीक शेपूट असते, पुष्कळदा पानाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. भेंडीचे पान टोकदार असते, पण शेपूट नाही. पिंपळाचा देठ लांब, म्हणून वारा नसल्यासारखा वाटला तरी त्याची पाने सळसळतात. कोवळी पालवी तांबूस असते. पान तोडले की पांढरा चीक येतो, कारण पिंपळ हा वड आणि उंबर यांचा भाऊबंद. भेंडीच्या पानाला असा दुधासारखा चीक नाही. ती नात्याने जास्वंद, कापूस आणि आपल्या भाजीच्या भेंडीजवळची.

सर्वांत पक्की खूण फुलाफळांची. पिंपळाचे फूल बाहेर कधी दिसतच नाही. पानांच्या बेचक्यात जोडीने बसलेली जी बारीक फळे, त्यांच्या पोटातच फुले असतात. ही फळे पिकून जांभळट काळी होतात, पाखरे खातात आणि बी कुठल्याही भिंतीच्या फटीत पडून रुजते. भेंडीचे फूल सकाळी पिवळे, आत लालसर डाग, आणि सुकताना तेच तांबूस होते. फळ चपटे गोल, वाळले की कडक. त्याचे बी खाऱ्या पाण्यावर तरंगत दूर जाते, म्हणून समुद्रकाठी ही झाडे भरपूर.

आता प्रश्न आजींना सांगायचे कसे? सोबतचे एक कार्यकर्ते म्हणाले, राहू द्या, म्हातारीची श्रद्धा आहे. आम्हाला ते पटले नाही. ऐकीव गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय मानू नका असे भगवंतांनी कालामांना सांगितले आणि आपण आजींपासून लपवायचे? संघमित्रेने बावीसशे वर्षांपूर्वी समुद्रापार अनुराधपूरला नेली ती फांदी पिंपळाचीच होती. बुद्धगयेचे झाड 1876 साली कोसळले, तेव्हा कनिंगहॅम यांनी 1881 मध्ये तिथे पिंपळाचेच रोप लावले.

आम्ही सांगितले. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सहा वर्षं पाणी घातलंय मी. त्याला हात लावायचा नाय. पण खरा पिंपळ आणा." झाड तोडू नये हे आमचेही मत. खाऱ्या वाऱ्यात भेंडीइतकी सावली दुसरे कोण देणार?

पिंपळ मात्र अंगणात नको म्हटले. त्याची मुळे भिंती आणि विहिरी फोडतात, हे अनेक घरांनी भोगले आहे. विहाराच्या मागची मोकळी जागा ठरली. जुलैत नातवानेच एका पडक्या भिंतीतले वीतभर रोप मुळासकट सोडवून आणले. आम्ही पाहण्याआधीच त्याने एक पान तोडून चीक तपासला होता.