गोरेपणाच्या मलमातील पारा

सन २०२२ मध्ये अकोला येथील एकाच घरातील आई व दोन मुली यांना मूत्रपिंडाचा दाह जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा तिघी वापरीत असलेल्या चेहरा उजळविण्याच्या मलमात पारा फार मोठ्या प्रमाणात आढळून आला. एकीचा रंग उजळलेला पाहून इतर दोघींनीही ते लावण्यास आरंभ केला होता. सौंसर-पांढुर्णा भागाचा नागपूर-वऱ्हाडाशी बाजारहाटाचा व सोयरिकीचा नित्य संबंध असल्याने ही हकीकत येथील घरांनीही जाणून घेण्याजोगी आहे.

त्वचेचा सावळा वर्ण मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. ते तयार करणाऱ्या विकराचे कार्य पारा बंद पाडतो व काही आठवड्यांतच चेहरा उजळ दिसू लागतो. हा झटपट गुण हीच खरी शंकेची जागा होय. पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. रक्त गाळणारी तेथील सूक्ष्म चाळणी बिघडली, की प्रथिने लघवीवाटे निसटू लागतात. लघवीला फेस येतो, पायांवर व डोळ्यांभोवती सूज चढते. वेदना बहुधा नसल्यामुळे दवाखाना गाठण्यास उशीर होतो. अशा वेळी कोणते मलम लावले जाते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच ते बंद केल्यास पुष्कळ रोगी सुधारतात. मलम लावणाऱ्या स्त्रीच्या कडेवरील मुलालाही स्पर्शातून व वाफेतून पारा बाधू शकतो.

भारताच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये प्रसाधनांत पाऱ्याची संयुगे घालण्यास मनाई आहे. अजाणता आलेला अंशही दहा लाख भागांत एक भागापेक्षा अधिक असू नये; डोळ्यांच्या प्रसाधनांपुरती ही मर्यादा सत्तर भाग आहे. वेष्टनावर ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘अमोनिएटेड मर्क्युरी’ असे शब्द असल्यास ते पाऱ्याचेच समजावे. सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका, अशी सूचना असल्यासही सावध व्हावे. अर्थात, ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक वा घटकांची यादीच नाही, तिच्याविषयी अधिक काय सांगावे!

पाऱ्याप्रमाणेच शिसेही घातक असते. सौंसर तालुक्यातील जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन घेणाऱ्यांना शेंदूर परिचित आहे. पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड होय. हळदीवर क्षाराची प्रक्रिया करून होणारे कुंकू वेगळे; मात्र स्वस्त कुंकवात व सिंदुरात शिशाची भेसळ आढळलेली आहे. गॅलेना या शिशाच्या खनिजापासून केलेला सुरमा तर लहान मुलांना मुळीच घालू नये. बोटांवाटे तो तोंडात जातो व शिसे वाढत्या मेंदूस इजा करते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६ अन्वये कोणाही ग्राहकास, विकत घेतलेल्या प्रसाधनाचा नमुना विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. संशयित माल विकला जात असल्यास औषध निरीक्षकाकडे तक्रार करावी. त्यासाठी डबी व पावती जपून ठेवावी.