फायबर नेमकं कुठं तुटलं?

केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला खोदकाम निघालं की जमिनीखालच्या फायबरचा जीव धोक्यात असतो. जेसीबीचा दात लागतो, केबल ताणली जाते आणि घराघरांतल्या राउटरवर लाल दिवा लागतो. खड्डा समोर दिसत असतो, पण नुसता खड्डा पाहून भागत नाही. हिसक्यानं आतली काच बरीच पुढंही तुटलेली असू शकते. म्हणून दुरुस्तीला आलेली माणसं आधी ओटीडीआर काढतात. हे काम जवळ उभं राहून पाहण्यासारखं आहे.

हे यंत्र केबलच्या एका टोकातून प्रकाशाची अतिसूक्ष्म स्पंदनं सोडतं. वाटेत काच त्यातला कणभर प्रकाश सतत मागं विखुरत असते. तो किती वेळानं परतला, यावरून अंतर निघतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एक किलोमीटर जाऊन परत यायला १० मायक्रोसेकंद. पडद्यावर हळूहळू उतरणारी रेघ उमटते. जॉइंट असेल तिथं लहानशी पायरी दिसते, तुटलं असेल तिथं रेघ कोसळते. काच नुसतीच मुडपली असेल तर १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर फारसं कळत नाही, १५५० वर पायरी ठळक होते. म्हणून दोन्हींवर मोजायचं.

निरोगी काचेत १५५० वर किलोमीटरमागं साधारण ०.२ डीबी घट होते, म्हणजे ९५ टक्के प्रकाश पुढं जातो. १९६६ साली शास्त्रज्ञ चार्ल्स काव यांनी २० डीबीचं, म्हणजे किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरण्याचं उद्दिष्ट मांडलं, तेव्हा तेही अवघड होतं. आज ०.२ डीबीची काच आपल्या छत्रपती संभाजीनगरातही तयार होते.

यंत्र अंतर सांगतं, पण ते काचेचं अंतर. रस्त्याचं नव्हे. चेंबरागणिक केबलचे वेटोळे सोडलेले असतात, आतल्या नळ्या पीळ देऊन बसवलेल्या असतात. मग फोनवर विचारणा होते : "भाऊ, कमानीपाशी लूप किती सोडलाय?" पलीकडून आकडा येतो, वजाबाकी होते आणि कुदळ कुठं मारायची ते ठरतं. माझ्या मते या कामातलं खरं कौशल्य इथंच आहे. ओटीडीआर विकत मिळतो. लाइन ओळखणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात.

पुढचं काम बोटांचं. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या क्रमानं रंग जुळवायचे, आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, क्लीव्हरनं काटकोनात छेद घ्यायचा. उघडी काच १२५ मायक्रॉनची, प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. रस्त्यावरची धूळ इथं वैरी, म्हणून स्प्लायसिंग मशीन गाडीत ठेवतात. ठिणगी पडते, दोन टोकं वितळून एक होतात. मशीन ०.०२ डीबी दाखवतं, पण तो अंदाज असतो. खरी मोजणी पुन्हा ओटीडीआरवर, तीही दोन्ही टोकांकडून. दोन काचांचं विखुरणं वेगळं असलं, तर एका बाजूनं जॉइंटवर प्रकाश चक्क वाढल्यासारखा दिसतो. दोन्हीकडची सरासरी हाच खरा लॉस.

शेवटी ग्राहकाच्या घरी पोचलेला प्रकाश मोजायला पॉवर मीटर लागतो. "मायनस बावीस" ऐकू आलं की लाइन ठीक. मायनस अठ्ठावीसच्या पलीकडं गेलं की पुन्हा शोध सुरू. मोबाइलवरच्या स्पीड टेस्टला इथं कुणी विचारत नाही, कारण तिच्यात घरातल्या वायफायचेही दोष मिसळलेले असतात.

तुटक्या भागात नवा तुकडा घातला की पुढची सगळी अंतरं बदलतात. म्हणून गाडीत बसण्याआधी वहीत नोंद होते : नवे जॉइंट दोन, मधली केबल किती मीटर, लूप कुठं सोडला.