अपत्याची चाहूल लागण्यापूर्वी : घरच्या डॉक्टरांची भूमिका

गंगाखेड असो, जिंतूर असो वा सेलू. परभणी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेलगत फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना असतोच. आजोबांचा रक्तदाब, नातवाचा ताप, सुनेचा अशक्तपणा हे सारे त्यांना ठाऊक असते. मात्र नवविवाहित जोडपे अपत्याचा विचार करू लागते, तेव्हा त्यांचा सल्ला घ्यावा असे आपल्या मनात सहसा येत नाही. दिवस राहिले की मग दवाखाना, हा आपला रिवाज! या रिवाजाने आपले काय नुकसान होते, ते येथे समजून घेऊ या.

पहिले २८ दिवस

बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत हे कार्य बहुधा पूर्ण झालेले असते. ती नीट न मिटल्यास बाळात गंभीर जन्मजात दोष राहू शकतो. हा धोका बराच कमी करणारी फॉलिक ॲसिडची गोळी स्वस्त आहे. पण ती गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना सुरू व्हावी लागते. सामान्यतः रोज ४०० मायक्रोग्रॅम ही मात्रा पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत घेतात. आधीच्या अपत्यात असा दोष असल्यास डॉक्टर मात्रा वाढवितात.

डॉक्टर काय तपासतात?

स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. ही उणीव गर्भधारणेपूर्वी भरून काढणे अधिक सोपे असते. रक्तदाब, साखर व थायरॉईड यांचीही तपासणी होते. फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे गर्भाला अपायकारक असतात. ती डॉक्टर वेळीच बदलून देतात. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्या भागात जुनी आहे. अशा नात्यात आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमियाचे किंवा सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक आहोत की नाही, हे साध्या रक्ततपासणीने कळते.

ऊसतोडीसाठी दसरा-दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या जोडप्यांनी निघण्यापूर्वीच या तपासण्या कराव्यात. गोळ्या व तपासणीचे कागद सोबत न्यावेत, म्हणजे परमुलखातील डॉक्टरांना पूर्वीची माहिती मिळते.

दोष एकटीचा नव्हे

वर्ष-दोन वर्षे पाळणा हलला नाही, की बोट सुनेकडे वळते. उपास, नवस, गंडेदोरे सुरू होतात. कधी दुसऱ्या लग्नाची भाषाही निघते. वस्तुतः मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणही आढळते, आणि त्याची पहिली तपासणी तर अधिक सोपी असते. वर्षभर प्रयत्न करूनही यश न आल्यास दोघांनी मिळून तपासणी करावी. स्त्रीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास सहा महिनेच थांबावे. हे सासूबाईंसमोर शांतपणे सांगू शकेल अशी व्यक्ती म्हणजे घरचा डॉक्टर! त्यांच्या एका वाक्याने एखादा संसार वाचू शकतो.

घाई आणि अंतर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वीच झाले होते. कोवळ्या वयातील मातृत्व आई व बाळ दोघांनाही धोक्याचे असते. म्हणूनच मुलीच्या लग्नाची व पुढे अपत्याची घाई करू नका, हे सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते. एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते.

पोप पॉल सहावे यांनी १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकात जबाबदार पालकत्वाचा विचार मांडला. नैसर्गिक पद्धतीत स्त्री आपल्या शरीराची लक्षणे ओळखावयास शिकते. महिन्यातील सुमारे सहा दिवस गर्भधारणेस अनुकूल असतात. हे ज्ञान अंतर राखण्यास जसे उपयोगी पडते, तसेच अपत्य हवे असलेल्या जोडप्यासही पडते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही डॉक्टरांकडे मागू नये : मुलगाच व्हावा यासाठीचा उपाय. गर्भधारणेपूर्वी वा नंतर लिंगनिवड करणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि येणाऱ्या लेकीवर तो अन्यायही आहे.

लग्नाची खरेदी आपण महिनोन्महिने करतो. बाळाच्या आगमनासाठी पती-पत्नींनी एक सायंकाळ काढून जोडीने दवाखान्याची पायरी चढावी, एवढीच आमची विनंती आहे.