बदकाच्या अंड्याचे २८ दिवस

घरगुती पशुपालनाचा विषय निघाला की आपल्याकडे गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांची नावे प्रथम येतात. बदकाची आठवण क्वचितच होते. पश्चिम बंगाल, आसाम आणि केरळ या भातशेतीच्या प्रदेशांत मात्र बदक हा गरीब कुटुंबाचा जुना आधार आहे. आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांतही माजी मालगुजारी तलाव आहेत, शेतांमध्ये बोड्या आहेत. गोगलगाई, किडे व सांडलेले धान वेचून बदक येथे सहज जगू शकते. अडचण येते ती पिल्ले काढताना. म्हणून त्याच विषयाची येथे थोडी उकल करण्याचे आम्ही योजिले आहे.

हे काम बहुधा घरातील स्त्री करते. दहा अंडी उबवणीस ठेवणे म्हणजे त्या दहा अंड्यांच्या हातच्या पैशांवर महिनाभर पाणी सोडणे होय. त्यातून दोनच पिल्ले निघाली की दोष नशिबाला, कोणाच्या नजरेला किंवा ढगांच्या गडगडाटाला दिला जातो. काही घरांत त्यावर उपाय म्हणून टोपलीत लोखंडी खिळा अथवा कोळसा ठेवतात. परंतु अंड्यातील जीवाला खिळा कळत नाही. त्याला ऊब, ओलावा, हवा आणि हालचाल या चारच गोष्टी कळतात. या चारही गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

प्रथम एक प्रश्न. बदक आपली अंडी स्वतः का उबवीत नाही? विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये श्रीमती कॅम्पबेल यांनी संकरातून खाकी कॅम्पबेल ही जात तयार केली. ही मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊ शकते. अधिक अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली आणि उबवणीस बसण्याची वृत्ती मागे पडली. मस्कोव्ही जातीची मादी मात्र स्वतः बसते व उत्तम आई ठरते. तिच्या अंड्यांना २८ ऐवजी सुमारे ३५ दिवस लागतात. इतर बदकांसाठी खुडूक कोंबडीचा आधार घ्यावा लागतो.

अंड्यांची निवड हा पहिला टप्पा. सहा ते आठ माद्यांमागे एक सुदृढ नर असावा. नराशिवाय अंडी मिळतात, पण ती फलित नसतात. बदक बहुधा पहाटे अंडी घालते, म्हणून सकाळ होईपर्यंत त्यांना आत ठेवावे व खाली स्वच्छ तणस अंथरावी. म्हणजे अंडी चिखलात पडत नाहीत. उबवणीचे अंडे धुऊ नये. धुतल्याने कवचावरील नैसर्गिक आवरण जाते आणि सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात. तडकलेली, फार लहान वा वेडीवाकडी अंडी बाजूला काढावीत. उरलेली अंडी बोथट टोक वर करून थंड जागी ठेवावीत व आठवड्याच्या आत उबवणीस लावावीत. खाण्यासाठी ठेवलेले बदकाचे अंडे पूर्ण शिजवूनच खावे, हेही येथेच सांगितलेले बरे.

कोंबडीखाली बदकाची आठ ते दहा अंडी पुरेत. कोंबडी नुकतीच खुडूक झालेली असावी. तिच्या स्वतःच्या अंड्यांचा काळ २१ दिवसांचा असतो. बदकाच्या अंड्यांसाठी तिला आणखी एक आठवडा बसायचे असते. शिवाय बदकाचे अंडे जड असते, ते तिला नीट फिरवता येत नाही. त्यामुळे ती दाणापाण्यासाठी उठली की आपण अंडी हाताने फिरवावीत. अंडी फिरवली नाहीत तर वाढता जीव कवचाच्या आतील पडद्याला चिकटतो. बदकीण पाण्यातून ओल्या अंगाने घरट्यात येते, कोंबडी कोरड्या अंगाने बसते. ही उणीव भरून काढण्यासाठी दुसऱ्या आठवड्यापासून अंड्यांवर कोमट पाणी हलके शिंपडावे.

उबवणी यंत्र असल्यास तापमान सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. आर्द्रता पहिले २५ दिवस ५५ ते ६० टक्के आणि त्यानंतर ७० टक्क्यांच्या वर असावी. परंतु यंत्राच्या पुष्कळ आधी मनुष्याने ही विद्या मिळविली होती. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवली जात. चीन व व्हिएतनाममध्ये भाताच्या तुसाने वेढलेल्या बांबूच्या टोपल्यांत बदकाची अंडी उबवीत. वाढ होत आलेली अंडी स्वतः उष्णता देतात. तिच्यावर नवी अंडी उबत. उष्णतामापक नव्हता, तेव्हा कारागीर अंडे पापणीला लावून ऊब ओळखीत. हे ज्ञान कोणत्याही पोथीतून आलेले नाही. ते हाताने काम करणाऱ्या माणसांच्या निरीक्षणातून आले आहे.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याला छिद्र पाडून त्यामागे विजेरी धरावी व अंडे त्या प्रकाशात पाहावे. कोळ्याच्या पायांसारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव वाढतो आहे. स्वच्छ दिसणारे अंडे अफलित होय. रक्ताचे कडे दिसले तर जीव मेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत, कारण कुजलेले अंडे फुटले तर इतरांनाही संसर्ग होतो. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे.

पंचविसाव्या दिवसानंतर अंडी फिरवू नयेत. कवचाला पहिली चीर गेल्यावर पिल्लू बाहेर यायला एक दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. या काळात ते कवचाच्या पडद्यातील रक्त व उरलेला बलक शरीरात ओढून घेत असते. घाईने कवच सोलल्यास रक्तस्राव होऊन ते दगावते. येथे मदत म्हणजे थांबणे.

निघालेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश ऊब द्यावी व पुढे दर आठवड्याला ती थोडी कमी करावी. एलईडी दिवा उजेड देतो, पुरेशी ऊब देत नाही. हे ध्यानात ठेवावे. पिल्ले एकमेकांवर गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते; दिव्यापासून दूर जाऊन धापा टाकू लागली तर उष्णता अधिक आहे. पाण्याचे भांडे चोच व नाकपुड्या बुडतील इतके खोल असावे, पण पिल्लू त्यात उतरू शकेल असे नसावे. कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांच्या पिसांना आईच्या अंगचे तेल लागलेले नसते, म्हणून पहिले काही आठवडे त्यांना तलावात सोडू नये. सर्वांत मोठा धोका बुरशी लागलेल्या मक्याचा व शेंगदाण्याच्या पेंडीचा; त्यातील विष बदकाच्या पिल्लांना फार लवकर मारते. बदकांच्या प्लेगची लस केव्हा द्यावी हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे.

शेवटी वहीविषयी. अंडी ठेवल्याचा दिवस, त्यांची संख्या आणि सातव्या, चौदाव्या व शेवटच्या दिवशी काय दिसले, एवढे लिहून ठेवावे. सातव्या दिवशीच पुष्कळ अंडी स्वच्छ दिसली तर नर कमी पडला किंवा अंडी शिळी होती. मधल्या काळात जीव मेले तर ऊब अथवा फिरवणे चुकले असावे. पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मेली तर बहुधा ओलाव्यात दोष असतो. शाळेत शिकणाऱ्या मुलीने आईसाठी ही वही लिहावी, असे आम्ही सुचवितो. पुढच्या खेपेस टोपलीत खिळा ठेवायचा की पाणी शिंपडायचे, हे मग ती वहीच त्या घराला सांगेल.