लेकुरवाळीला मानवणारं पाणी

बसा रे पोरांनो, दिघीची बोट सुटायला अजून अवकाश आहे. आगरदांड्याच्या या जेट्टीवरून खाडीच्या तोंडाकडे बघा. तिथून बाहेर पडून सरळ मावळतीला गेलं, तर पुन्हा जमीन लागते ती ओमानची. मधला सगळा आपला अरबी समुद्र. त्यात हंपबॅक देवमाशांचं एक घराणं राहतं. जगात त्यांच्यासारखं वागणारं दुसरं घराणं नाही.

बाकीचे हंपबॅक उन्हाळाभर थंड समुद्रात खातात, कारण खाण्याचा सुकाळ तिकडे असतो. थंडी पडली की हजारो किलोमीटर पोहून ते उबदार पाण्यात जातात आणि तिथे माद्या वितात. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते, तसंच समजा. फक्त या माहेरी खायला जवळजवळ काही नसतं. आई कित्येक आठवडे अंगावरच्या चरबीवर जगते आणि त्याच चरबीचं दूध करून पिल्लाला पाजते.

मग एवढी यातायात कशाला? पिल्लू जन्मतं तेव्हाच तेरा-चौदा फुटांचं असतं, पण त्याच्या कातडीखाली चरबीचा थर पातळ असतो. गार पाण्यात प्यायलेलं दूध अंग ऊबदार ठेवण्यातच खर्ची पडेल. कोमट पाण्यात ते अंगी लागतं. पिल्लांवर झडप घालणारे किलर व्हेलही अशा पाण्यात कमी भेटतात, हेही एक कारण सांगतात.

२००७ साली क्रिस्टिन रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या या बाळंतपणाच्या जागांचं पाणी पडताळून पाहिलं. विषुववृत्तापासून कुठली जागा किती लांब, याला फारसा अर्थ नव्हता. पाणी मात्र सगळीकडे २१ ते २८ अंशांच्या आसपास निघालं. अंटार्क्टिकाकडचे काही देवमासे तर विषुववृत्त ओलांडून कोस्टा रिकाला जातात. ८,३०० किलोमीटरचा हा पल्ला. ते एवढं पुढे का जातात? दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने थंड प्रवाह वर येतो, त्यामुळे त्या भागात ऊब विषुववृत्ताच्या उत्तरेला सापडते.

ऊब जितकी जास्त तितकी बरी, असंही नाही हं. उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेलच्या माद्या हिवाळ्यात फ्लोरिडा आणि जॉर्जियाच्या किनाऱ्याशी विण्यासाठी जमतात. त्यांना आवडतं १३ ते १५ अंशांचं उथळ पाणी. थोडं बाहेर गल्फ स्ट्रीमचा गरम प्रवाह वाहतो आणि तिकडे त्या सहसा जात नाहीत. आईच्या अंगावरचा चरबीचा जाड थर असल्या पाण्यात तिलाच जड जातो. या जातीचे जेमतेम पावणेचारशे जीव आज उरले आहेत. पाण्याचा हा पट्टा कुठे सरकला, यावरून जहाजांनी वेग कुठे कमी करायचा, हे ठरवायला मदत होते.

आता आपलं घराणं. अरबी समुद्राला उत्तरेकडे वाट नाही, वर जमीन आहे. मग थंड पाणी आणायचं कुठून? ते पावसाळा आणून देतो. आपल्या होड्या किनाऱ्यावर झापांनी शाकारलेल्या असतात, तेव्हा तोच नैऋत्येचा वारा ओमानजवळचं वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर लोटतो. खालचं गार, खतासारखे क्षार असलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म जीव माजतात, त्यांच्यामागे तारली येते आणि तारलीमागे देवमासा. हिवाळ्यात त्याच समुद्राचं पाणी पिल्लाला सोसेल इतकं कोमट असतं. अन्न आणि ऊब एकाच समुद्रात मिळाल्यावर दूर कशाला जायचं? सुमारे सत्तर हजार वर्षं हे घराणं इतरांपासून वेगळं राहिलं आहे, असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं.

पिल्लं इथे कधी होतात हे कळलं कसं, ते ऐकताना माझ्या पोटात कालवतं. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या किनाऱ्यांसमोर दोनशेच्या वर हंपबॅक मारले. कायदा मोडून. युरी मिखालेव या शास्त्रज्ञाने त्या नोंदी १९९७ साली उघड केल्या. मारलेल्या माद्यांच्या गर्भांची मापं त्यात होती. पिल्लं इथल्या हिवाळ्यात जन्मतात, दक्षिणेकडच्या देवमाशांसारखी तिकडच्या हिवाळ्यात नाही, हे त्या मापांवरून समजलं. त्यानंतर ओमानच्या बाजूला छायाचित्रांवरून जी मोजदाद झाली, तिचा अंदाज निघाला अवघा ८२.

त्यांतलीच एक लुबान. तिच्या अंगावर उपग्रहाचा टॅग बसवला होता. २०१७ च्या अखेरीस ती ओमानहून समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून कन्याकुमारीकडे उतरली आणि पुन्हा ओमानला परतली. म्हणजे तो समुद्र त्यांचा आणि हा आपला, असं काही नसतं.

निळ्या देवमाशांचंही ऐका. २०१५ साली कुणकेश्वरसमोर अभ्यासकांना पिल्लासह मादी दिसली. त्याच वर्षी जूनमध्ये इथून जवळच, रेवदंड्याला, बेचाळीस फुटांचा निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. केवढा मोठा, असं लोक म्हणत होते. पण निळ्या देवमाशाचं पिल्लू आईचं दूध सोडतं तेव्हा पन्नास फुटांचं झालेलं असतं. मापावरून बघितलं तर ते अंगावर पिणारं लेकरू होतं.

हिंदी महासागर तापतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासात १९५० ते २०२० या काळात तापण्याचा वेग शतकाला १.२ अंश निघाला. पाण्याचा अंश न् अंश बघून जागा निवडणाऱ्या आईच्या दृष्टीने हे थोडं नाही.

तुमचे काका-मामा दर्यावर जातात, त्यांना माझा निरोप सांगा. देवमाशाची आई आणि पिल्लू दिसलं तर इंजिन मंद करा, मधे होडी घालू नका, तारीख आणि जागा लिहून वनखात्याला कळवा. जाळ्यात अडकला तर जाळं कापा. संरक्षित जिवाला सोडवताना कापलेल्या जाळ्याची पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई राज्य सरकार २०१८ पासून देतं. सोडवतानाचे फोटो तेवढे काढून ठेवा.